वस्त्राची साक्ष



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालत आली आहे, त्यांचे सारे आयुष्य मुलांना शहाणे करण्यात खर्ची पडले. आणि त्यांच्याच नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी, शाळा या संस्थेच्या हातून मुलांवर झालेल्या एका दीर्घकालीन अन्यायाचा विषय मी निवडावा, हे काहींना विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु शाळेवर ज्याची खरी श्रद्धा आहे, त्यानेच शाळेचा हा काळाकुट्ट अध्याय डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे, अशी माझी धारणा आहे.

कॅनडातील मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी तेथील सरकारने आणि ख्रिस्ती धर्मसंस्थांनी मिळून ज्या निवासी शाळा चालविल्या, त्यांची स्मृती जागती ठेवण्याचे काम आज त्या समाजांतील शिल्पकार, चित्रकार, आणि त्याहूनही मोठ्या संख्येने घरोघर सुईदोरा घेऊन बसणाऱ्या स्त्रिया करीत आहेत. त्या कामाविषयी मी बोलणार आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे की, त्या शाळांनी मुलांच्या अंगावरून जे वस्त्र प्रथम उतरविले, तेच आज त्या गुन्ह्याच्या साक्षीला उभे राहिले आहे. आणि त्या समाजांच्या धर्मशास्त्राप्रमाणे जो साक्ष पाहतो त्याच्यावर ती स्मरणात ठेवण्याची जबाबदारी येऊन पडते. ही जबाबदारी न पत्करता ते वस्त्र नुसते मिरविणे म्हणजे साक्षीदाराने कचेरीत येऊन, शपथ घेऊन, मुकाट्याने परत जाण्यासारखे आहे.

१

प्रथम इतिहास पाहू. १८७६ साली कॅनडाच्या सरकारने इंडियन अ‍ॅक्ट हा कायदा करून मूळ रहिवाशांचा सारा व्यवहार आपल्या ताब्यात घेतला; कोणाला त्या समाजाचा घटक मानावे, त्याने कोठे राहावे, त्याच्या जमिनीचा कारभार कोणी पाहावा, हे ओटावाच्या दप्तरात ठरू लागले. पुढे तीनच वर्षांनी निकोलस फ्लड डेव्हिन या गृहस्थांनी अमेरिकेतील व्यवस्थेची पाहणी करून सरकारला अहवाल दिला आणि मुलांना घरापासून दूर ठेवून शिकविणाऱ्या औद्योगिक शाळा काढाव्यात, अशी शिफारस केली. या पद्धतीच्या काही शाळा त्यापूर्वीही होत्या. ब्रँटफर्ड येथील मोहॉक इन्स्टिट्यूटमध्ये १८३१ पासूनच मुले वसतीला ठेवली जात. परंतु डेव्हिन यांच्या अहवालानंतर जे तुरळक होते ते सरकारी धोरण झाले. पैसा सरकारने द्यावा, शाळा धर्मसंस्थांनी चालवाव्यात, आणि मुलांनी आपली भाषा, आपले देव व आपली माणसे विसरावीत, असा तो करार होता. १९२० साली कायद्यात दुरुस्ती होऊन या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे झाले, आणि मूल न देणारा बाप गुन्हेगार ठरू लागला.

शेवटच्या शाळा बंद झाल्या त्या १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात. एकंदर सुमारे १,५०,००० मुले या शाळांतून गेली, आणि पुढे झालेल्या भरपाईच्या करारात अशा १३९ शाळांची नोंद झाली. सरकारला काही ठाऊक नव्हते, असेही म्हणण्याची सोय नाही. इंडियन खात्याचेच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ साली पश्चिमेकडील शाळांची पाहणी केली. त्यांत १५ शाळांनी ज्या १,५३७ मुलांची माहिती दिली, त्यांपैकी जवळजवळ चतुर्थांश मृत्यू पावली होती. क्षयाने पछाडलेली वसतिगृहे, कोंदट हवा ही कारणे त्यांनी स्पष्ट लिहिली. अहवाल दप्तरी दाखल झाला, आणि शाळा चालू राहिल्या. या शाळांचे दप्तर जपणाऱ्या विनिपेगच्या राष्ट्रीय केंद्राच्या नोंदवहीत आजवर अशा ४,१०० हून अधिक मृत मुलांची नावे चढली आहेत. २०२१ साली कॅमलूप्सच्या जुन्या शाळेच्या आवारात भूमीखालचा वेध घेणाऱ्या यंत्राने सुमारे दोनशे संभाव्य दफनस्थानांच्या खुणा दाखविल्या, तेव्हा जगाला जे नवे वाटले ते त्या समाजांतील वृद्ध माणसे आयुष्यभर सांगत आली होती.

२

आता मुद्द्याच्या वस्तूकडे, म्हणजे कपड्याकडे वळतो. या शाळांतून गेलेल्या असंख्य माणसांनी पुढे नेमल्या गेलेल्या सत्य आणि समेट आयोगापुढे ज्या जबान्या दिल्या, त्यांत पहिल्या दिवसाची हकिगत विलक्षण सारखी आहे. मूल दारात आले की त्याचे कपडे काढून घ्यावयाचे, वेणी कापावयाची, अंग घासून काढावयाचे, शाळेचा गणवेश चढवावयाचा आणि त्याला एक क्रमांक द्यावयाचा. हा क्रमांक पुष्कळ ठिकाणी कपड्यांवरही घातलेला असे. यांत स्वच्छतेचा हेतू होता असे सांगण्यात येई. परंतु जे काढून घेतले जाई ते काय होते, याचा विचार केला म्हणजे त्या स्पष्टीकरणातील पोकळपणा लक्षात येतो. मूसच्या किंवा हरणाच्या कातड्याचे जोडे घ्या. कातडे सोलून, खरवडून, प्राण्याच्या मेंदूने मऊ करून, मंद धुरावर रापवून तयार करावयाचे. मग पावलाच्या वर येणाऱ्या तुकड्यावर मण्यांची अगर साळिंदराच्या रंगविलेल्या काट्यांची फुले भरावयाची, आणि शेवटी तो तुकडा बारीक चुण्या घेत तळाशी जोडावयाचा. हे काम आजी करी, आणि कोणाच्या घराण्यात कोणते फूल भरतात हे नातीला तिच्याशेजारी बसून कळे. मुलाच्या पायांतून हा जोडा काढला, म्हणजे आजीचे श्रम, घराण्याची खूण आणि शिकण्याची वाट या तिन्ही गोष्टी एका हाताने काढून घेतल्या जात.

सरकारला या गोष्टीचे महत्त्व पुरते उमगले होते, याचा पुरावा त्याच्याच अहवालात आहे. रेजायना येथील औद्योगिक शाळेतील टॉमस मूर या मुलाची दोन छायाचित्रे इंडियन खात्याच्या १८९६ सालच्या वार्षिक अहवालात छापली गेली: एकात लांब केसांच्या वेण्या, मणी भरलेला पोशाख आणि हातात पिस्तूल, दुसऱ्यात कापलेले केस, बटणांचा गणवेश आणि कठड्याला टेकून ऐटीत उभे राहण्याची ढब. मुलाला काय शिकविले, त्याला काय येऊ लागले, याचा या चित्रांत मागमूस नाही. पोशाख बदलला, हीच शाळेची फलश्रुती म्हणून वरिष्ठांपुढे ठेवण्यात आली. सरकारी खात्याने स्वतःच्या यशाचा पुरावा म्हणून जे कागदावर छापले, तेच आज त्या खात्याविरुद्धचे सर्वांत बोलके प्रमाण होऊन बसले आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या शाळांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुले अर्धा दिवस वर्गात आणि अर्धा दिवस कामावर असत. मुलगे शेतीवर आणि गोठ्यात, मुली स्वयंपाकघरात, धोबीघरात आणि शिवणाच्या खोलीत. म्हणजे ज्या मुलींचे घरचे कपडे काढून घेतले, त्यांच्याच हातून शाळेचे गणवेश शिवून घेतले जात. सुई हातात राहिली. परंतु आजीने त्या सुईतून जे सांगितले असते ते तिच्यापाशी राहिले नाही. पुढे ज्या स्त्रियांनी पन्नाशी-साठीत मणिकाम शिकावयास घेतले, त्यांच्या धडपडीचे मोल हा इतिहास ध्यानात घेतल्यावाचून कळणार नाही.

३

पॅसिफिक किनाऱ्यावरील समाजांत वस्त्राचे स्थान याहूनही गंभीर आहे. तेथे गडद निळ्या लोकरी कांबळीवर तांबड्या कापडाची आकृती टाचून, तिच्या कडेने शिंपल्याच्या शुभ्र बटणांच्या ओळी शिवून जी पांघरुणे करतात, त्यांवरील गरुड, लांडगा अगर देवमासा हे त्या घराण्याचे चिन्ह असते. नाचणारा पाठ फिरवितो तेव्हा सभेला ते चिन्ह दिसते आणि त्या घराण्याचे नाव, नाच, मासेमारीची जागा यांवरील हक्क सर्वांसमक्ष शाबीत होतो. ज्या समारंभात हे घडते त्याला पॉटलॅच म्हणतात. यजमान पाहुण्यांना जी देणगी देतो तिचा अर्थ औदार्यापुरता मर्यादित नाही: देणगी घेणारा साक्षीदार होतो, आणि आज येथे काय घडले हे पुढच्या पिढीस सांगण्याचे बंधन त्याच्यावर येते. ज्यांच्यापाशी कागदाची सनद नव्हती, त्यांची सनद पांघरुणावर शिवलेली होती आणि तिची नोंद पाहुण्यांच्या स्मरणात होती.

हा समारंभ कॅनडाच्या सरकारने १८८४ साली कायद्याने गुन्हा ठरविला. १९१४ साली पश्चिमेकडील मूळ रहिवाशांना, वरिष्ठांच्या परवानगीवाचून आपल्या परंपरागत पोशाखात जत्रांत वा प्रदर्शनांत दिसण्यासही बंदी झाली. १९२१ च्या नाताळात क्वाक्वाकावाक्व समाजातील डॅन क्रॅन्मर यांनी व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला, तेव्हा सरकारी एजंट विल्यम हॅलिडे याने अनेकांवर खटले भरले आणि जे गाव मुखवटे व विधीचा मुद्देमाल स्वाधीन करील त्या गावच्या लोकांची शिक्षा तहकूब होईल, अशी अट घातली. असा शेकड्यांनी माल जमा झाला, अलर्ट बे येथील ख्रिस्ती सभागृहात बाकांवर मांडून दाखविण्यात आला, आणि तेथून ओटावा, टोरंटो, न्यूयॉर्क येथील संग्रहांत पांगला. त्याच अलर्ट बेमध्ये सेंट मायकेल ही निवासी शाळा उभी राहिली. आईबापांचे मुखवटे आणि त्यांची मुले, दोहोंचीही जप्ती एकाच गावात झाली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

बंदीचे कलम १९५१ च्या कायद्यातून गळाले. जप्त मालासाठी मात्र आणखी तीन दशके झगडावे लागले. अखेर १९८० साली अलर्ट बे येथे उमिस्ता सांस्कृतिक केंद्र उघडले आणि तेथे बरेच मुखवटे परत आले. पुष्कळ काळ कुलपांत राहिलेल्या या वस्तूंना पुन्हा काचेच्या कपाटात कोंडावयाचे नाही, म्हणून तेथे त्या कपाटाबाहेर, मोकळ्या मांडलेल्या आहेत. सेंट मायकेलची विटांची इमारत त्या केंद्राशेजारी पुढेही उभी होती. २०१५ साली, तेथे शिकलेल्या माणसांच्या उपस्थितीत, ती पाडण्यात आली.

४

एवढी पूर्वपीठिका समजून घेतली म्हणजे नारिंगी सदऱ्याची कथा तिच्या खऱ्या वजनानिशी कळू शकते. १९७३ साली ब्रिटिश कोलंबियातील डॉग क्रीकजवळ आजीपाशी वाढलेली फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मुलगी सेंट जोसेफ मिशन या निवासी शाळेत जावयास निघाली. घरात पैशाची ओढाताण होती. तरीही शाळेला जाणाऱ्या नातीला नवा कपडा असावा म्हणून आजीने तिला विल्यम्स लेक गावातील दुकानात नेले, आणि तिने स्वतःच्या पसंतीने एक चकचकीत नारिंगी सदरा निवडला, ज्याच्या पुढच्या बाजूस नाडीने बंद आवळले जात. शाळेत पोचताच तो सदरा इतर कपड्यांबरोबर काढून घेण्यात आला आणि तिला पुन्हा मिळाला नाही. तेव्हापासून नारिंगी रंग म्हणजे आपण कोणाच्या खिजगणतीत नाही ही जाणीव, असे समीकरण तिच्या मनात पुष्कळ वर्षे राहिले, ही गोष्ट तिने पुढे जाहीरपणे सांगितली.

२०१३ च्या वसंतात विल्यम्स लेक येथे त्या शाळेत शिकलेल्यांचे स्मरण-संमेलन भरले, त्याच्या तयारीत ही हकिगत लोकांसमोर आली. आणि त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरपासून त्या दिवशी नारिंगी सदरा घालण्याचा प्रघात पडला. सप्टेंबर निवडण्याचे कारण असे की, मुलांना गाड्यांतून भरून नेण्याचा तो महिना. प्रत्येक मूल मोलाचे आहे, हे या दिवसाचे घोषवाक्य झाले. या सदऱ्यांवर छापावयाच्या आकृती कोमॉक्स, हायडा, क्री, अनिशिनाबे अशा निरनिराळ्या समाजांतील कलावंत आपापल्या परंपरेतून काढतात. त्यामुळे रंग एक, पण चिन्हे ज्याच्या त्याच्या भूमीची, असे त्या दिवशी रस्त्यारस्त्यावर दिसते. सत्य आणि समेट आयोगाच्या ८० व्या शिफारशीस अनुसरून २०२१ पासून ३० सप्टेंबर हा दिवस संघराज्याच्या कायद्यानेही स्मरणदिन ठरला.

या कथेचे सामर्थ्य कशात आहे? मला वाटते, तिच्या लहानशा आकारात. निवासी शाळांत याहून कितीतरी भयंकर गोष्टी घडल्या. त्या ऐकताना ऐकणारा आपले मन बंद करून घेतो, कारण त्या आपल्या अनुभवाच्या पलीकडच्या आहेत असे म्हणून त्याला सुटका करून घेता येते. नव्या सदऱ्याची गोष्ट ऐकताना अशी सुटका नाही. जूनमध्ये नवा गणवेश अंगावर घालून आरशासमोर उभे राहणारे मूल आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे, आणि तो कपडा अंगावरून ओढून घेतला तर त्या मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटेल हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आयोगाने सहा वर्षे जबान्या नोंदवून जे सहस्रावधी पानांत मांडले, त्याच्या दारापर्यंत सामान्य माणसाला बोट धरून नेण्याचे काम या सदऱ्याने केले.

५

सत्य आणि समेट आयोग २००८ साली नेमला गेला. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने कलेला प्रारंभापासून आपल्या कामकाजात स्थान दिले, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. किनाऱ्यावरील सेलिश कलावंत ल्यूक मार्स्टन यांनी आयोगासाठी २००९ मध्ये तांबड्या सीडरची एक पेटी घडविली. अशी पेटी एकाच फळीची असते: तीन ठिकाणी खाचा पाडून फळीला वाफ द्यावयाची, ती लवली की वळवून चौकोन करावयाचा, आणि चौथा कोपरा तेवढा जोडावयाचा. मार्स्टन यांची आजी कूपर आयलंडच्या शाळेत होती. आयोग गावोगाव जबान्या घेत फिरला तेव्हा ही पेटी बरोबर असे, आणि ज्याला जे ठेवावेसे वाटेल ते तो तीत ठेवी: छायाचित्र, जोडे, पत्र, मुलांच्या नावाने केलेले मणिकाम. पेटीत पडलेली प्रत्येक वस्तू कागदावरील जबानीइतकीच नोंदलेली साक्ष मानली गेली, आणि आज ती पेटी विनिपेगच्या राष्ट्रीय केंद्रात आहे.

या सर्व कृतींमध्ये मला अधिक विचारप्रवर्तक वाटते ते कलावंत केरी न्यूमन यांचे साक्षीचे पांघरूण. न्यूमन यांचे वडील निवासी शाळेत होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर हिंडून शाळा, चर्चे, सरकारी इमारती आणि मूळ रहिवाशांच्या वास्तू यांतून आठशेहून अधिक वस्तू मिळविल्या आणि सीडरच्या चौकटींत, पांघरुणाच्या धाटणीने, सुमारे १२ मीटर लांबीची रचना केली. ती २०१४ मध्ये लोकांपुढे आली. तीत विटा आहेत, दारांच्या मुठी आहेत, कापलेल्या केसांची वेणी आहे, युकॉनमधील कारक्रॉसच्या शाळेजवळ सापडलेला लहान मुलाचा जोडा आहे, आणि मधोमध एक दार आहे. हे दार अलर्ट बेच्या त्याच सेंट मायकेल शाळेचे. प्रेक्षकाला त्या दारातून आरपार जाता येते. ज्या दारातून आत गेलेले मूल पूर्वीचे म्हणून परत येत नसे, त्यातून मोठी माणसे आज स्वेच्छेने जातात आणि पलीकडे निघतात.

२०१९ साली हे पांघरूण विनिपेगच्या मानवी हक्क संग्रहालयाकडे सोपविताना जो करार झाला, तो कायद्याच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखा आहे. त्यात कृतीची मालकी ना कलावंताकडे, ना संग्रहालयाकडे. हक्क त्या पांघरुणाचेच, आणि उभयता त्याचे पालक. कागदावर सह्या झाल्या, आणि त्याखेरीज कोमॉक्सच्या मोठ्या घरात, म्हणजे विधीच्या सभागृहात, साक्षीदारांसमोर मौखिक विधीही झाला. दोहोंचे बंधन सारखे मानले गेले. आपल्याकडील न्यायालये देवस्थानातील मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानतात आणि विश्वस्तांना तिचे पालक; त्यामुळे मराठी श्रोत्याला ही कल्पना परकी वाटू नये. जी वस्तू साक्ष देते तिला विकता येणार नाही, हा त्या कराराचा गाभा आहे.

क्रिस्टी बेलकोर्ट या मेटी कलावतीने २०१२ साली हरवलेल्या आणि मारल्या गेलेल्या मूळ रहिवासी स्त्रियांच्या स्मरणार्थ एक आवाहन केले: जोड्याचा पावलावर येणारा नक्षीदार तुकडा तेवढा शिवून पाठवा. सहाशे जोड मागितले होते. सतराशेहून अधिक आले, आणि त्यांत निवासी शाळांतून घरी न परतलेल्या मुलांसाठी केलेले चिमुकले तुकडेही होते. ते पूर्ण जोड्यात मुद्दाम शिवले नाहीत, कारण ती आयुष्ये पुरी झाली नव्हती. प्रदर्शनात हे तुकडे भुईवर कापडावर मांडलेले असत, आणि पाहणारा आपले जोडे बाहेर काढून, त्यांच्या बाजूबाजूने चालत जाई. प्रत्येक तुकड्यावर कोणाच्या तरी रात्री खर्च झालेल्या. एका चौरस इंचात शेकड्यांनी बारीक मणी. दुःख करण्याचा हा प्रकार आरडाओरडीचा नाही, श्रमाचा आहे. आणि ज्या हातांना शाळेत गणवेश शिवावयास लावले, त्यांच्या नातींच्या हातांत मणिकामाची सुई परत आली, हे त्याचे दुसरे फळ.

चित्रकलेतही अशीच एक घटना आहे. अल्बर्नीच्या निवासी शाळेत रॉबर्ट अलर नावाचे चित्रकार १९६० च्या आगेमागे मुलांना फावल्या वेळी चित्रे काढावयास शिकवीत. त्यांनी ती चित्रे फेकली नाहीत. त्यांच्या निधनानंतर २००९ साली तो संग्रह व्हिक्टोरिया विद्यापीठाकडे आला. तेथील मानववंशशास्त्रज्ञ अँड्रिया वॉल्श यांनी समाजातील वृद्धांच्या सल्ल्याने चित्रकार मुले, म्हणजे आता आजोबा-आजी झालेली माणसे, शोधून काढली, आणि २०१३ मध्ये पोर्ट अल्बर्नी येथे पंगत घालून, विधिपूर्वक, ज्याचे चित्र त्याच्या हाती दिले. ज्या शाळेतून त्यांना बालपणाची एकही वस्तू घरी नेता आली नव्हती, तेथून अर्ध्या शतकानंतर त्यांच्याच हातची एक वस्तू घरी आली. समेट या गोष्टीचा आकार कसा असतो, असे मला कोणी विचारले तर मी या प्रसंगाकडे बोट दाखवीन: घेतलेले ओळखावे, मालक शोधावा, आणि त्याच्या रीतीने ते परत करावे.

६

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे, आणि तो आक्षेप मूळ रहिवाशांमधूनच येतो. सदरे घालून काय साधले? आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. त्यांत मुलांच्या कल्याणाची व्यवस्था, भाषांचे रक्षण, तुरुंगांतील मूळ रहिवाशांचे भरमसाट प्रमाण, मृत मुलांच्या दफनभूमींचा शोध असे जड विषय आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक अद्याप पुऱ्या झालेल्या नाहीत. अशा वेळी वर्षातून एक दिवस रंगीत कपडा घातला की कर्तव्य संपले असे समाधान लोकांना मिळत असेल, तर त्या कपड्याने उपकारापेक्षा अपकारच केला म्हणावा लागेल. शिवाय २०२१ मध्ये सदऱ्यांना एकाएकी मागणी आली, तेव्हा पुष्कळ व्यापाऱ्यांनी कलावंतांच्या आकृती त्यांना न विचारता उचलल्या आणि पैसा केला. मुखवटे नेणारा एजंट आणि आकृती उचलणारा व्यापारी यांत काळाचे अंतर आहे. वृत्तीचे आहे की नाही, याचा ज्याचा त्याने विचार करावा.

हा आक्षेप मी खरा मानतो, आणि त्याचे उत्तर त्या समाजांच्या शास्त्रातच आहे. पॉटलॅचमध्ये देणगी घेऊन साक्ष विसरणारा माणूस निंद्य ठरतो. म्हणून नारिंगी सदरा घालणाऱ्याने तो कोणाच्या हातचा आहे हे विचारणे, त्याचे मोल त्या हातापर्यंत पोचविणे, आणि वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्या ९४ कलमांचे काय झाले याचा आपल्या प्रतिनिधीकडे जाब मागणे, हे तीन धर्म त्या सदऱ्याबरोबरच येतात. साक्षीला मुदत नसते.

वस्त्र असा जाब कसा मागू शकते याचे एक उदाहरण सांगतो. मार्च २०२२ मध्ये मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी रोमला पोप फ्रान्सिस यांच्या भेटीस गेले, तेव्हा ओकनीज समाजाच्या माजी प्रमुख मारी-आन डे वॉकर-पेल्टिए यांनी त्यांच्या हाती लहान मुलांच्या जोड्यांचे दोन जोड ठेवले आणि ते कॅनडात येऊन परत करावेत, असे सांगितले. देणगीच्या रूपाने ते बंधन होते. जुलैच्या २५ तारखेस आल्बर्टातील मास्क्वासिस येथे पोप आले, त्यांनी क्षमा मागितली, आणि ते जोड परत दिले. क्षमेचे शब्द पुरेसे होते की नाही यावर मतभेद आहेत आणि राहतील. परंतु वचन पाळले जाईपर्यंत त्या कातड्याच्या चिमुकल्या जोड्यांनी एका धर्मगुरूला ऋणी करून ठेवले होते, ही गोष्ट निर्विवाद आहे.

आणि हा सारा भूतकाळाचा विषय आहे असे कोणी म्हणू लागेल, तर त्याला २०२० च्या डिसेंबरात सस्कॅचेवानमध्ये काय झाले ते सांगावे. शाळेत ठेवणीतल्या पोशाखाचा दिवस होता; दहा वर्षांची एक मुलगी रंगीत फितींचा घागरा, जो त्या समाजांत मानाचा पोशाख समजला जातो, नेसून गेली, आणि तेथील एका मोठ्या माणसाने तो प्रसंगाला शोभत नाही असे तिला सांगितले. मुलगी घरी आली ती खजील होऊन. परंतु १८९६ आणि २०२० यांत एक फरक झालेला होता: सुट्टीनंतर ४ जानेवारीस तिला शाळेत पोचवावयास तिचे कुटुंबीय आणि समाजातील स्त्रिया तसेच घागरे नेसून, ढोल वाजवीत बरोबर गेल्या. पुढे संसदेने ४ जानेवारी हा त्या घागऱ्याचा राष्ट्रीय दिवस ठरविला आणि २०२३ मध्ये तो पहिल्यांदा साजरा झाला.

७

या विषयाशी आपला संबंध काय, हे सांगून मी आपली रजा घेणार आहे. संबंध दोन ठिकाणी आहे. ज्या साम्राज्याच्या छत्राखाली कॅनडातील मुले घरातून नेली गेली, त्याच साम्राज्याने १८७१ साली येथे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १८९७ च्या दुरुस्तीने या जमातींची चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहांत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली, आणि सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट हे त्याच विचाराचे मराठी भूमीवरील रूप होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्यांच्या आजोबांची हजेरी त्या कुंपणात रोज घेतली गेली, ती माणसे आपल्यात आहेत; त्यांच्या जबान्या कोणत्या आयोगाने घेतल्या, त्यांची वस्त्रे, वाद्ये आणि भाषा कोणत्या पेटीत जपली गेली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

दुसरा संबंध आजचा आहे. सहस्रावधी मराठी कुटुंबे टोरंटो, व्हँकुव्हर, कॅल्गरी येथे स्थायिक झाली आहेत. आयोगाची ९४ वी, म्हणजे अखेरची, शिफारस नव्या नागरिकांच्या शपथेविषयीची होती, आणि २०२१ पासून ती शपथ बदलली: कॅनडाचा नागरिक होणारा प्रत्येक माणूस आता मूळ रहिवाशांचे हक्क आणि त्यांच्याशी झालेले तह यांचा आदर करण्याचेही वचन देतो. म्हणजे जो मराठी माणूस तेथे हात वर करून शपथ घेतो, तो या इतिहासाचा त्रयस्थ प्रेक्षक राहत नाही. तहातील एका पक्षाचा वारस होतो. त्याची मुले ३० सप्टेंबरला नारिंगी सदरा मागतील. तो घेऊन देताना आईबापांनी त्यांना ही हकिगत संपूर्ण सांगावी, तो सदरा ज्यांचा हक्क आहे त्यांच्याकडून विकत घ्यावा, आणि ज्या भूमीवर आपले घर आहे ती कोणत्या समाजाची, तिच्यासंबंधी कोणता तह झाला की झालाच नाही, हे शोधून काढावे.

शाळेने मुलाला घरापासून तोडावे की घराचा हात धरून पुढे न्यावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीच्या शिक्षकांना नव्याने द्यावे लागते. ज्यांच्या नावाने आज आपण येथे जमलो, त्यांनी ते आपल्या आयुष्याने दिले. आपल्यापैकी जे आज शाळा चालवितात, त्यांनी आश्रमशाळेत, वसतिगृहात, वर्गात दूरच्या पाड्यावरून आलेले मूल प्रथम पाऊल ठेवते तेव्हा त्याच्या अंगावरच्या कपड्याला, तोंडातल्या बोलीला आणि त्याला पोचवावयास आलेल्या आजीला मानाने आत घ्यावे, एवढे मी नम्रपणे मागतो. कारण ज्या दारात या तिघांना प्रवेश आहे, तीच शाळा उद्या स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या साक्षीला निर्भयपणे सामोरी जाऊ शकेल.